पलंगाशी बाटली: छोट्या रुग्णालयात हातांची स्वच्छता कशी रुजवायची

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. फीमेल मेडिकल वॉर्डात सकाळची ड्यूटी होती. पाच नंबरच्या पेशंटची लघवीची पिशवी रिकामी केली, तेवढ्यात सहा नंबरची सलाइन थांबलेली दिसली. दोन पावलं टाकली आणि सुईला हात घातला. उशाशी बसलेली सुरगाण्याकडची आजी हळूच म्हणाली, "बाई, हे मोजे तिकडचेच ना?"

हातमोजे घातले होते म्हणून मी निर्धास्त होते. आजीला मात्र सरळ दिसत होतं की पाच नंबरची घाण मी सहा नंबरच्या शिरेपाशी घेऊन आले आहे. तेव्हा नोकरीला पंधरा वर्षं झाली होती, हात धुण्यावरची दोन प्रशिक्षणं झाली होती आणि पायऱ्यांचं पोस्टर माझ्या डोळ्यांसमोरच्या भिंतीवर होतं.

त्यामुळे 'स्टाफला माहितीच नसते' हे मला आता पटत नाही. माहिती असते. कामाच्या घाईत हात जिथे जातो तिथे हँडरबची, म्हणजे हात चोळायच्या अल्कोहोलची, बाटली नसते, हे पहिलं दुखणं. आणि वॉर्डात थोरली माणसं जे करतात तेच धाकटी उचलतात, हे दुसरं. या दोन जागी हात घातला तर निम्मं काम होतं. हे लिहिते आहे ते नाशिकमधल्या माझ्यासारख्यांसाठी. गंगापूर रोड, मुंबई नाका, नाशिक रोड, पंचवटी, जिकडे बघाल तिकडे २० ते ६० खाटांची रुग्णालयं आहेत. तिथे इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर म्हणून जिचं नाव लावलेलं असतं तीच स्टोअर बघते, एनएबीएचच्या (रुग्णालयांना दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या) फायली भरते आणि कुणी रजेवर गेलं की नाइटही करते.

प्रश्न किती मोठा आहे ते एका ओळीत सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या १०० रुग्णांपैकी ७ जणांना आणि आपल्यासारख्या देशांत १५ जणांना तिथे असतानाच किमान एक नवा संसर्ग होतो. तापासाठी आलेला माणूस शिरेच्या, लघवीच्या नाहीतर जखमेच्या संसर्गाने आणखी आठवडाभर अडकतो, आणि बिल भरायला घरच्यांना द्राक्षाच्या हंगामाची वाट बघावी लागते.

पहिला पंधरवडा: नुसतं बघा

कुणालाही काही शिकवू नका. वही घ्या आणि वॉर्डाच्या कोपऱ्यात उभ्या राहा. राउंडच्या वेळी २० मिनिटं, दुपारी इंजेक्शनच्या वेळी २० मिनिटं, एखाद्या रात्री पुन्हा तेवढीच. हात स्वच्छ करायला हवे होते अशी वेळ आली की एक रेघ मारा, त्याला 'संधी' म्हणायचं. हात खरंच स्वच्छ केले तर शेजारच्या रकान्यात दुसरी रेघ. समजा ४० संधी आल्या आणि १४ वेळा हात स्वच्छ झाले, तर प्रमाण ३५ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत एका फेरीत दर वॉर्डला २०० संधी मोजायची आहे. छोट्या ठिकाणी सगळे वॉर्ड मिळून महिन्यात तेवढ्या जमल्या तरी चित्र कळतं.

तिसऱ्या रकान्यात माणूस कोण ते लिहा: डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, मावशी-मामा (वॉर्डातले मदतनीस), फिजिओ, एक्स-रेचा टेक्निशियन. नाव अजिबात लिहू नका. नाव लिहिलं की वही हवालदाराची होते आणि पुढच्या वेळी तुम्ही आत आलात की सगळे पाठ फिरवून उभे राहतात.

चौथा रकाना मी स्वतःहून वाढवला, आणि सगळ्यात जास्त कामाला तोच आला. हात का स्वच्छ झाले नाहीत? बाटली रिकामी. बाटली लांब. दोन्ही हातांत ट्रे. हातमोजे होते. हाताची आग होते. सर पुढे निघून गेले, मागे धावावं लागलं. दोन आठवड्यांत या रकान्याचं एक पान भरलं, आणि त्यावर 'मला माहीत नव्हतं' असं एकही कारण नव्हतं.

आणखी एक. कुणी बघतंय म्हटलं की माणूस हात चोळतोच. त्यामुळे वहीतला आकडा वॉर्डाचा सर्वांत चांगला दिवस दाखवतो. तुम्ही नसताना खरी स्थिती याच्या खालीच असणार. लपून मोजायच्या फंदात पडू नका. 'या महिन्यात मोजणार आहोत' असं उघड सांगा आणि आकडा थोडा फुगलेला आहे हे मनात धरा.

बाटली कुठे आणि किती

आता हिशेब. एका सिस्टरकडे १२ पेशंट आहेत आणि पाळीत प्रत्येकाशी ८ वेळा हात स्वच्छ करायची वेळ येते असं धरू. झाले ९६ वेळा. बेसिनपर्यंत जाऊन, साबणाने धुऊन, कोरडे करून परत यायला दीड मिनिट धरलं तर १४४ मिनिटं, म्हणजे जवळपास अडीच तास. एवढा वेळ कुणाकडेच नसतो, आणि 'आळशी आहेत' म्हणणाऱ्याने एकदा हा गुणाकार स्वतः करून बघावा. तेच अल्कोहोलच्या हँडरबने प्रत्येक वेळी २५ सेकंद धरा, ४० मिनिटं होतात. शिवाय हात चोळत चोळत पुढच्या खाटेकडे चालता येतं. नळाखाली हात धरून चालता येत नाही.

म्हणून बाटली बेसिनवर किंवा नर्सिंग स्टेशनवर ठेवून भागत नाही, ती प्रत्येक पलंगाशी हवी. मी अंतर पावलांनी मोजते: पेशंटच्या हातापासून बाटली दोन पावलांच्या पुढे गेली की ती शोभेची. खाटेच्या पायथ्याच्या दांड्याला अडकवायचे तारेचे स्टँड मिळतात, ते सर्वांत सोयीचे. पायथ्याला अशासाठी की फाइलही तिथेच असते, हात तिकडे जातोच. याशिवाय ड्रेसिंग ट्रॉलीवर एक, औषधांच्या ट्रॉलीवर एक, आयसीयूच्या दाराशी एक. लहान मुलांच्या वॉर्डात आणि दारू सोडवायला आलेले पेशंट असतील तिथे उघड्यावर ठेवू नका. स्टाफच्या खिशात ५० किंवा १०० मिलीच्या बाटल्या द्या.

खरेदी करताना लेबल वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या दोन ठरलेल्या मिश्रणांत एकात ८० टक्के इथेनॉल असतं, दुसऱ्यात ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. जोडीला त्वचेसाठी थोडं ग्लिसरॉल आणि अगदी किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड. कोविडच्या काळात बाजारात आलेलं निळं-गुलाबी सुवासिक पाणी आठवा. परवाना क्रमांक, बॅच आणि एक्स्पायरी नसलेला कॅन स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका.

किती मागवायचं? ४० खाटांचं रुग्णालय, सरासरी ३२ भरलेल्या, महिन्याचे ३० दिवस, म्हणजे ९६० रुग्णदिवस. १००० रुग्णदिवसांमागे किमान २० लिटर हँडरब वापरला जावा असा जागतिक आरोग्य संघटनेच्या मूल्यमापनातला एक निकष आहे. म्हणजे तुम्हाला महिन्याला साधारण १९ लिटर, अर्ध्या लिटरच्या ३८ बाटल्या. आता स्टोअरचं रजिस्टर उघडून गेल्या महिन्यात किती गेल्या ते बघा. पाच-सहा गेल्या असतील तर वॉर्डातला आकडा मोजायची फारशी गरजही नाही. मालकांकडे किंवा ट्रस्टींकडे जाताना हेच गणित घेऊन जा, 'जनजागृती करायची आहे' असं म्हणू नका.

पंपाचीही परीक्षा घ्या. दहा वेळा दाबून निघालेलं द्रव सिरिंजने मोजा आणि दहाने भागा. एका दाबात एक-दीड मिली येत असेल तर दोन दाब लागतील. हात चोळताना किमान २० सेकंद ओले राहायला हवेत, हीच खरी मोजणी. पाच सेकंदात कोरडे झाले तर कमी घेतलं.

बाटल्या आगीपासून, कॉटरीपासून (ऑपरेशनमध्ये विजेने रक्तस्राव थांबवायचं यंत्र) आणि विजेच्या बोर्डापासून लांब ठेवा. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, हात पूर्ण सुकल्याशिवाय कॉटरीला हात लावायचा नाही. मोठा साठा एका खोलीत कोंडून ठेवू नका.

बेसिन

हँडरब आला म्हणून नळ सुटत नाही. हात दिसण्याइतके मळलेले असतील, रक्त किंवा शी लागली असेल, स्वच्छतागृहातून आलात, किंवा पेशंटला क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचे जुलाब असतील, तर साबण आणि पाणीच हवं. त्या जंतूची बीजरूपं अल्कोहोलने मरत नाहीत, ती धुऊनच घालवावी लागतात.

बेसिनपाशी तीन गोष्टी बघा. एक, वडी नको. पाण्यात तरंगणारी साबणाची वडी हेच जंतूंचं घर. द्रव साबण ठेवा, आणि अर्ध्या बाटलीत वरून नवा ओतायची सवय मोडा. रिकामी झाली की धुऊन, वाळवून मगच भरा. दोन, खिळ्याला टांगलेला तो एक टॉवेल. सकाळी पांढरा आणि संध्याकाळी राखाडी होणारा टॉवेल मी अनेक ठिकाणी स्वतः काढून आणला आहे. कागदी टॉवेल परवडत नसेल तर धुतलेल्या जुन्या चादरींचे रुमालाएवढे तुकडे करा, एकदा वापरून थेट धुण्याच्या बादलीत. तीन, नळ कोपराने उघडणारा नसेल तर तो बंद करताना त्याच तुकड्याने धरा, नाहीतर धुतलेला हात पुन्हा तिथेच लागतो.

दुरुस्तीसाठी महापालिकेचं पाणी बंद असतं त्या दिवशी झाकणाची, तोटी असलेली टाकी बेसिनवर ठेवा. बादलीत मग बुडवून काम भागवायचं नाही.

पाच वेळा आणि लोणच्याची बरणी

'हात स्वच्छ करायच्या पाच वेळा' जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनांत आहेत आणि सगळीकडे पोस्टरवर आहेत. मावशींना त्या पोस्टरवरून शिकवायला गेले की त्या मान डोलावतात आणि विसरतात. मी स्वयंपाकघरातून सांगते.

प्रत्येक पेशंटची खाट हे एक घर समजा आणि भोवतीची जागा हा त्याचा उंबरठा. आत जाताना हात स्वच्छ, ही पहिली वेळ: पेशंटला हात लावण्यापूर्वी. त्या घरात लोणच्याची एक बरणी आहे. तिच्यात ओला, खरकटा हात घातला तर अख्खं लोणचं नासतं हे कुणाला शिकवावं लागत नाही. शीर, जखम, कॅथेटर, डोळ्याचे थेंब, सक्शनची नळी, इंजेक्शन या सगळ्या बरण्या. बरणी उघडण्यापूर्वी हात स्वच्छ, ही दुसरी. खरकटं उचललं, म्हणजे लघवी, शी, रक्त, पू, थुंकी यांच्याशी संबंध आला की लगेच हात स्वच्छ, ही तिसरी. पेशंटला हात लावून झाला आणि बाहेर निघालात, ही चौथी. पाचवी सगळ्यांची हुकते: पेशंटला शिवलाच नाहीत, नुसता सलाइनचा स्टँड सरकवला, मॉनिटरचं बटण दाबलं, चादर नीट केली, आणि निघालात. उंबरठा ओलांडताना तेव्हाही हात स्वच्छ. असिनेटोबॅक्टर, एमआरएसए यांसारखे जंतू कोरड्या पृष्ठभागावर काही महिनेसुद्धा जगू शकतात. खाटेचा दांडा निर्जीव असला तरी त्यावरचे जंतू नसतात.

खरकट्याचा दाखला देताना एक सावधगिरी मी नेहमी बाळगते. कुणीतरी हसून म्हणतंच, "म्हणजे सोवळं-ओवळं की!" तसं नाही. सोवळ्यात कोण शिवतंय ते बघतात. इथे हात आत्ता काय करून आला आणि आता काय करणार आहे, एवढंच बघायचं. प्रोफेसरांचा हात आणि मामांचा हात यात काही फरक नाही.

दोन बारकावे. एकाच पेशंटमध्येही खरकट्याकडून बरणीकडे जाता येतं: डायपर बदलला आणि त्याच हाताने त्याच्या शिरेतली नळी फ्लश केली, तर जंतू त्याचेच आणि संसर्गही त्यालाच. मध्ये हात स्वच्छ करायलाच हवेत. दुसरा बारकावा वेळ वाचवणारा आहे. चार नंबरकडून निघून मध्ये कशालाही हात न लावता पाच नंबरकडे गेलात तर एकदाच हात चोळणं पुरतं. चारचा 'नंतर' आणि पाचचा 'आधी' दोन्ही त्यात आले. मध्ये मोबाइल काढलात तर नाही.

अंगठा

पद्धत सगळ्यांना येते असं सगळ्यांना वाटतं. तळवा तळव्यावर, एका हाताचा तळवा दुसऱ्याच्या पाठीवर, बोटं बोटांत घालून, तळव्याला तळवा लावून बोटांच्या बेचक्या, बोटं आकड्यासारखी अडकवून त्यांची पाठ समोरच्या तळव्यावर, अंगठा मुठीत धरून गोल, आणि शेवटी पाचही बोटांची टोकं तळव्यावर गोल गोल. अर्थात दोन्ही हातांना. हँडरबने २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने सगळं मिळून ४० ते ६० सेकंद.

राहून जातात ती बोटांची टोकं, बेचक्या आणि अंगठे. आणि पेशंटच्या शिरेवर आपण काय टेकवतो? बोटाची टोकं आणि अंगठा. हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. अतिनील दिव्याखाली चमकणारं द्रव्य विकत मिळतं, पण शाळेच्या स्टेशनरीतला पोस्टर कलरही पुरतो. हातमोजे घालायला लावा, तळव्यावर चमचाभर रंग ओता, डोळे बंद करायला सांगा आणि 'नेहमीसारखे हात चोळा' म्हणा. डोळे उघडले की ज्या जागा कोऱ्या राहिल्या त्या त्याच्या त्यालाच दिसतात. आमच्याकडे हा खेळ चहाच्या वेळी केला तेव्हा सर्वांत स्वच्छ, सगळीकडून रंगलेले हात निघाले ते ओटीतल्या मावशींचे. सर्जनसाहेबांचा डावा अंगठा तसाच कोरा. पुढचा आठवडाभर हीच चर्चा होती आणि माझ्या दोन प्रशिक्षणांचं काम त्या एका अंगठ्याने केलं.

हातमोज्यांचा खोटा दिलासा

आजीने मला जे विचारलं ते मी आता प्रत्येक नव्या सिस्टरला विचारते. हातमोजे हा वॉर्डातला सर्वांत फसवा प्रकार आहे. एकदा चढवले की हाताला ओल जाणवत नाही, घाण जाणवत नाही, आणि म्हणून स्वच्छ करायची आठवणही होत नाही. एकच जोडी घालून चार पेशंटचे बीपी, दोन रक्ताचे नमुने, मध्ये फोन आणि शेवटी आपलाच पेन.

नियम थोडे आहेत. रक्त, स्राव, जखम यांच्याशी संबंध येणार असेल तरच घाला. ताप मोजायला, नाडी बघायला, गोळ्या द्यायला लागत नाहीत. एका पेशंटला एक जोडी, आणि त्याच पेशंटमध्ये घाण कामाकडून स्वच्छ कामाकडे जाताना ती बदला. घालण्यापूर्वी हात स्वच्छ, नाहीतर डब्यातल्या उरलेल्या सगळ्या जोड्यांना तुमचा हात लागतो. काढल्यावर पुन्हा हात स्वच्छ, कारण मोज्यांना न दिसणारी भोकं असू शकतात आणि काढताना मनगटाला बाहेरची बाजू लागतेच. घातलेल्या मोज्यांवर हँडरब चोळून 'स्वच्छ केले' म्हणायचं नाही, तसेच धुवायचेही नाहीत.

माझ्या मते छोट्या रुग्णालयाने पहिल्या तीन महिन्यांत हातमोज्यांचा अवाजवी वापर कमी केला तर त्यात वाचलेल्या पैशातून हँडरबचा बराचसा खर्च निघतो. तुमच्याकडचे दर घेऊन हिशेब करून बघा.

बांगड्या, धागे, नखं आणि नाशिकची थंडी

अंगठीखाली जंतू टिकतात, बांगड्या असल्या की मनगट धुतलं जात नाही. पण हे फर्मान काढून होत नाही. एका ठिकाणी 'उद्यापासून बांगड्या बंद' अशी नोटीस लागली आणि दोन दिवस वॉर्डात दुसरा विषयच नव्हता. मंगळसूत्राला कुणी हात लावलेला नाही, हे आधी सांगा. बांगड्या ड्यूटीपुरत्या लॉकरमध्ये, किंवा घट्ट बसणाऱ्या असतील तर कोपराकडे वर सरकवून. वणीच्या गडावरून आणलेला धागा मनगटावर ओला राहतो. तो दंडाला बांधता येतो किंवा खिशात ठेवता येतो. हे मी आमच्या मेट्रन बाईंकडून वदवून घेतलं. त्या स्वतः दर वर्षी गडावर जातात, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. नखं अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी. चिकटवलेली कृत्रिम नखं पेशंटच्या कामात चालत नाहीत, लग्नसराईतसुद्धा.

थंडीचं मात्र गांभीर्याने घ्या. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात यायला लागला की आमच्या वॉर्डात हातांना भेगा पडायला लागतात. फुटलेल्या हाताला अल्कोहोल लागलं की डोळ्यांत पाणी येतं, आणि ती सिस्टर दुसऱ्या दिवसापासून बाटलीला वळसा घालते. तिला दोष देऊन काय उपयोग? उपाय साधे आहेत. दर वेळी साबणाने धुऊन लगेच वर हँडरब, असं दुहेरी करू नका; त्वचेची हानी याने वाढते. एका वेळी एकच. कढत पाण्याने हात धुऊ नका, कोमट पुरे. हात पूर्ण सुकल्यावरच हातमोजे चढवा. आणि स्टेशनवर पंपाची मॉइश्चरायझरची बाटली ठेवा, सगळ्यांनी बोटं घालायची डबी नको. पाळी सुरू होताना, जेवणाच्या सुट्टीत आणि घरी जाताना लावायची. चिराळलेल्या जागी पाणी न शिरणारी पट्टी लावा. हाताला पुरळ किंवा इसब उठला असेल तर सिस्टरला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा आणि तोवर दुसरं काम द्या.

"सर, हात"

स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयाचा अनुभव २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी पलंगाशी बाटल्या आणल्या, पोस्टर लावले, मोजत राहिले, वरिष्ठांनी मागे उभं राहून पाठबळ दिलं. १९९४ ते १९९७ या काळात हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं आणि रुग्णालयातल्या संसर्गांचं प्रमाण १६.९ टक्क्यांवरून १९९८पर्यंत ९.९ टक्क्यांवर आलं. यातली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: सुधारल्या त्या नर्सेस आणि त्यांच्या मदतनीस. डॉक्टरांचं प्रमाण तसंच कमी राहिलं.

नाशिकमध्ये यात भर अशी की एकच कन्सल्टंट दिवसात पाच रुग्णालयं करतात. सकाळी कॉलेज रोड, दुपारी इंदिरानगर, संध्याकाळी द्वारका. एका आयसीयूतला जंतू दुसऱ्या आयसीयूत कसा पोचला हे शोधायला फार डोकं लागत नाही. आणि त्यांना टोकणार कोण? एकवीस वर्षांची, नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा झालेली मुलगी साहेबांना 'हात धुवा' म्हणू शकत नाही, आणि तिने म्हणावं अशी अपेक्षाही करू नका.

आम्ही असं केलं. मालक डॉक्टरांनीच सगळ्या कन्सल्टंटना एक निरोप पाठवला: राउंडला सिस्टर पहिल्या खाटेशी तुमच्या हातावर हँडरब देईल, कृपया हात पुढे करा. मग सिस्टरने टोकायचा प्रश्नच राहिला नाही. ती बाटली पुढे धरते आणि म्हणते, "सर, हात." हळदीकुंकवाला अत्तर लावताना हात पुढे होतो तसा हात पुढे होतो. पहिल्या आठवड्यात एक-दोघे चिडले. त्यांच्याशी मालकच बोलले. ज्या रुग्णालयात मालक स्वतः हात पुढे करत नाहीत तिथे हा उपाय चालत नाही, आणि खरं तर दुसराही कुठला चालत नाही.

स्टेथोस्कोपची घंटीही त्याच वेळी अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून घ्या.

नातेवाईक

पुस्तकांत हा भाग दोन ओळींत उरकतात. आपल्याकडे मात्र कूस बदलणं, भरवणं, भांडं देणं हे सगळं नातेवाईक करतात. पेठ-त्र्यंबककडची मंडळी आठ-आठ दिवस खाटेखाली सतरंजी टाकून राहतात, शेजारच्या पेशंटलाही पाणी पाजतात. माणुसकी म्हणून ते थोरच आहे. पण सहा नंबरचं भांडं उचललेला हात सात नंबरच्या ग्लासाला लागतो.

दाखल करताना कागदावर सह्या घेतो तेव्हाच एक मिनिट द्या. बाटली दाखवा, त्यांच्या हातावर द्या, चोळून घ्या. भांडं दिल्यावर साबणाने हात, भरवण्यापूर्वी हात, आपला पेशंट सोडून दुसऱ्याच्या खाटेला हात लावायचा नाही. एवढं पुरे. आणि सांगा की आम्ही हात चोळले नाहीत तर आम्हाला विचारायचं. बहुतेक जण विचारत नाहीत. एखादी आजी विचारते.

२०२७च्या सिंहस्थात शहरात जी गर्दी होईल ती दवाखान्यांच्या ओपीडीतही येणार आहे. तोवर या सवयी बसल्या तर बऱ्या, कारण पर्वणीच्या दिवशी कुणाला काही शिकवता येत नाही.

आकडा कुठे लावायचा

दर महिन्याला एकच आकडा, मोठ्या अक्षरांत, स्टाफच्या चहाच्या जागी. पेशंटच्या लिफ्टशेजारी नाही. वॉर्डनिहाय लावा, माणसानुसार नको. त्याच्या बाजूला तुमच्याच रुग्णालयातले एक-दोन परिणाम मांडा: महिन्यात किती जणांची शीर सुजली, किती ऑपरेशनच्या जखमा पिकल्या, कॅथेटर असलेल्या किती जणांना लघवीचा संसर्ग झाला. छोट्या रुग्णालयात हे आकडे लहान असतात, एका महिन्यात दोन, दुसऱ्यात पाच. महिन्याच्या चढउतारावर भाषण करू नका. सहा महिने शेजारी शेजारी ठेवून बघा. आणि संसर्ग नुसत्या हातांनी थांबत नाहीत. नको असलेलं कॅथेटर वेळेवर काढणं, शिरेची जागा रोज बघणं हेही त्याच वहीत हवं.

५ मे हा जागतिक हात स्वच्छता दिन. रांगोळ्या, पोस्टर स्पर्धा, फोटो हे होऊ द्या, स्टाफला मजा येते. फक्त त्या दिवशी सगळ्या बाटल्या भरलेल्या आहेत ना, हे बघा. मी एका कार्यक्रमात दीपप्रज्वलन झाल्यावर वॉर्डात गेले होते. आठपैकी तीन पंप कोरडे होते.

त्यावरूनच ही शेवटची व्यवस्था आली. बाटली बदलणं हे 'सगळ्यांचं काम' ठेवलं की ते कुणाचंच राहत नाही. आमच्याकडे ते नाइटच्या सिस्टरकडे आहे. रात्री दहाच्या फेरीत ती प्रत्येक बाटलीवर द्रवाच्या पातळीला मार्करने रेघ मारते आणि तारीख टाकते. बोटभर उरली असेल तर बदलते. सकाळची सिस्टर हँडओव्हर घेताना सलाइन, औषधं, कॅथेटर याबरोबर रेघही बघते. रात्रभरात पातळी रेघेखाली उतरली असेल तर काही बोलायचं नाही. रेघेवरच असेल तर त्या खाटेशी रात्री कोण कोण गेलं होतं, एवढं एकमेकींना विचारायचं. गेल्या महिन्यात अकरा नंबरची बाटली तीन रात्री रेघेवरच होती. चौकशी केली तेव्हा कळलं, तिचा पंपच अडकला होता आणि सगळ्या दहा नंबरची वापरत होत्या.